पाचक रस आणि मूत्रपरीक्षा

विद्यार्थिमित्रहो, पदार्थविज्ञानाच्या तासास आपण यंत्रें पाहतों, रसायनशास्त्राच्या तासास नळ्या व द्रावणें हाताळतों. परंतु ज्या रसशाळेंत आपण रात्रंदिवस वावरतों तें आपलें शरीर मात्र बहुधा न पाहिलेलेंच राहतें. सकाळीं खाल्लेल्या भाकरीचें पुढें काय होतें, आणि शरीरांतून बाहेर टाकल्या जाणाऱ्या मूत्रावरून डॉक्टर आंतील स्थितीचा अंदाज कसा बांधतात, हे दोन प्रश्न वरवर पाहतां अगदीं निराळे दिसतात. पण वैद्यकाच्या इतिहासांत ते एका ठिकाणीं असे कांहीं एकत्र आले कीं, त्यांतून पुढें असंख्य मुलांचे प्राण वांचविणारें औषध निघालें. ती हकीकत समजावयाची तर प्रथम पाचक रसांची ओळख करून घेतली पाहिजे. विषय थोडा संकोचाचा आहे खरा. परंतु शरीराच्या कोणत्याहि व्यापाराविषयीं शास्त्रीय दृष्टीनें बोलण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, आणि न बोलल्यामुळें मात्र अनेकदां मोठें नुकसान होतें.

तोंडांतील पचन

ज्वारीच्या भाकरीचा एक घास कालवणावांचून तोंडांत घ्या आणि तो न गिळतां दोन-तीन मिनिटें चावीत राहा. आरंभीं फिका लागणारा घास हळूहळू गोडसर लागूं लागतो. भाकरींत साखर तर घातली नव्हती. मग ही गोडी आली कोठून? ज्वारी, तांदूळ, बटाटा, साबुदाणा ह्यांत पिष्ट नांवाचा पदार्थ असतो. पिष्ट म्हणजे ग्लुकोज नामक साखरेचे असंख्य मणी गुंफून केलेली लांबच लांब माळ होय. ह्या माळेस गोडी नाहीं, आणि ती इतकी मोठी असते कीं, आंतड्याच्या अस्तरांतून रक्तांत शिरूं शकत नाहीं. लाळेंतील एक द्रव्य ही माळ ठिकठिकाणीं तोडून तिचे लहान लहान तुकडे करतें. त्यांपैकीं दोन मण्यांच्या तुकड्यास माल्टोज म्हणतात. ती एक प्रकारची साखरच आहे. तोडण्याचें काम करणाऱ्या ह्या द्रव्याचें नांव अमायलेज.

अशा द्रव्यांस शास्त्रांत एन्झाइम असें म्हणतात, व मराठींत त्यांस विकर हा शब्द रूढ झाला आहे. एन्झाइम हें नांव विल्हेल्म क्यूने ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८७७ सालीं योजिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘खमिरांतील’ असा होतो. विकरांचे तीन गुण ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, विकर काम करून स्वतः खर्ची पडत नाहीं. म्हणून त्याची अत्यल्प मात्रा पुष्कळ अन्न पचवूं शकते. दुसरा असा कीं, प्रत्येक विकराचें काम ठरलेलें असतें. पिष्ट तोडणारें विकर मांसास हात लावीत नाहीं, आणि मांस तोडणारें विकर पिष्टाकडे पाहतहि नाहीं. एमिल फिशर ह्यांनीं १८९४ सालीं ह्यास कुलूप आणि किल्ली ह्यांची उपमा दिली. तिसरा गुण असा कीं, विकर नाजूक असतें. फार उष्णता लागली किंवा भोंवतालचा रस प्रमाणाबाहेर आम्ल अथवा अल्कधर्मी झाला कीं त्याचें काम बंद पडतें.

हे गुण आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेंतहि पाहतां येतात. भाताची किंवा साबुदाण्याची पातळ पेज थंड करून तीन परीक्षानळ्यांत घ्यावी. पहिलींत थोडी लाळ घालावी. दुसरींत तितकीच, पण आधीं उकळलेली लाळ घालावी. तिसरींत नुसतें पाणी. तिन्ही नळ्या अंगाच्या उष्णतेइतक्या, म्हणजे सुमारें ३७ अंश सेल्सिअस कोमट पाण्यांत वीस मिनिटें उभ्या ठेवाव्या व नंतर प्रत्येकींतील कांहीं थेंबांवर आयोडीनचा एक थेंब टाकावा. दुसऱ्या व तिसऱ्या नळींतील पेज गर्द निळी होते, कारण तेथें पिष्ट जसेंच्या तसें आहे. पहिलींत मात्र निळा रंग येत नाहीं, किंवा अगदीं फिका येतो. उकळण्यानें लाळेंतील विकर निकामी झालें, हें दुसऱ्या नळीवरून सिद्ध होतें. पहिल्या नळींतील पिष्टाची साखर झाली हें सिद्ध करावयास एक निळें द्रावण लागतें. त्याची गांठ पुढें पडेल.

आपल्या घरांतील गृहिणींस विकर हा शब्द ठाऊक नसला तरी त्याचा उपयोग ठाऊक आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून व दळून लहान मुलांसाठीं सत्त्व करतात. मोड येतांना धान्यांत अमायलेज उत्पन्न होतें, आणि म्हणूनच त्या पिठाची पेज पातळ व पचावयास हलकी होते. निबर मांस लौकर शिजावें म्हणून त्यास कच्च्या पपईचा गर चोळतात, तेंहि पपईच्या चिकांतील पपेन ह्या विकराच्या जोरावर.

जठरांतील पचन

अन्न जठरांत केवळ घुसळलें जातें, कीं तेथील रसानें विरघळतें, ह्याविषयीं पूर्वी मोठा वाद असे. त्याचा निकाल लावण्यास एक अपघात कारण झाला. अमेरिकेंतील ह्युरन सरोवरांत मॅकिनॅक नांवाचें बेट आहे. तेथें ६ जून १८२२ रोजीं आलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणास जवळून बंदुकीची गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट ह्यांच्या उपचारानें तो वांचला, पण त्याच्या पोटावरील छिद्र कायमचें राहिलें व त्यांतून जठराचा आंतील भाग दिसूं लागला. बोमाँट ह्यांनीं रेशमी दोऱ्यास अन्नाचे तुकडे बांधून आंत सोडले व ते किती वेळानें विरतात हें पाहिलें. पुढें त्यांनीं जठरांतील रस बाहेर काढून कुपींत कोमट ठेविला, तेव्हां कुपींतहि मांस विरघळलें. पचन ही रासायनिक क्रिया आहे, हें त्यांच्या १८३३ सालच्या ग्रंथानें निर्विवाद ठरलें. ह्या शोधाचें श्रेय बोमाँट ह्यांना मिळालें. परंतु ज्यानें वर्षानुवर्षें आपल्या देहावर हे प्रयोग होऊं दिले त्या गरीब मजुराचेंहि स्मरण आपण ठेविलें पाहिजे.

जठररसांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें, आणि त्याच्या जोडीस पेप्सिन नांवाचें विकर असतें. पेप्सिनचा शोध थिओडोर श्वान ह्यांनीं १८३६ सालीं लाविला. डाळी, अंडीं, मांस, दूध ह्यांतील प्रथिनें म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा होत; त्या तोडण्यास पेप्सिन आरंभ करतें. येथें कोणी विचारील कीं, जठर स्वतःच मांसाचें असतां तें स्वतःस कां पचवीत नाहीं? ह्याचें कारण असें कीं, जठराच्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा लेप असतो, आणि पेप्सिन पेशींतून बाहेर पडतांना झोंपलेल्या रूपांत असतें. आम्लाशीं गांठ पडल्यावरच तें जागें होतें.

स्वादुपिंड

जठरांतून अन्न लहान आंतड्यांत येतें, आणि पचनाचें मुख्य काम तेथेंच होतें. जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाची एक ग्रंथि आहे. तिच्या रसांत पिष्टासाठीं अमायलेज, प्रथिनांसाठीं ट्रिप्सिन आणि तेल-तुपासाठीं लायपेज, अशीं विकरें असतात. यकृतांतून येणारें पित्त हें विकर नव्हे; तेलकट भांड्यावर रिठ्याचें पाणी जें काम करतें तेंच पित्त स्निग्ध पदार्थांवर करतें. तें चरबीचे बारीक बारीक थेंब करतें, म्हणजे लायपेजचें काम सुलभ होतें. शेवटीं आंतड्याच्या अस्तरावरील विकरें माल्टोज, उसाची साखर व दुधांतील साखर फोडतात. पुष्कळ प्रौढ माणसांत दुधाची साखर फोडणारें लॅक्टेज कमी झालेलें असतें. अशांस दूध पिऊन पोट फुगण्याचा त्रास होतो. अशा रीतीनें भाकरीचें अखेर ग्लुकोज होतें व तें रक्तांत मिसळतें.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें योझेफ फॉन मेरिंग व ओस्कार मिन्कोव्हस्की ह्या दोघां शास्त्रज्ञांपुढें प्रश्न होता तो पचनाचाच: स्वादुपिंड नसेल तर खाल्लेली चरबी पचते कीं नाहीं? तो सोडविण्यासाठीं मिन्कोव्हस्की ह्यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड शस्त्रक्रिया करून काढून टाकलें. कुत्रा जगला, परंतु त्यास एकसारखी लघवी होऊं लागली. मिन्कोव्हस्की ह्यांनीं ती लघवी तपासली, तों तींत भरपूर साखर! चरबीचा प्रश्न बाजूस राहिला आणि मधुमेहाचें मूळ हातीं लागलें. पुढें असेंहि दिसून आलें कीं, स्वादुपिंडाची नळी बांधून रस आंतड्यांत जाणें बंद केलें तरी मधुमेह होत नाहीं. म्हणजे ह्या एका ग्रंथीचीं कामें दोन: नळीवाटे पाचक रस सोडणें हें एक, आणि रक्तांत थेट कांहीं द्रव्य सोडून साखरेवर ताबा ठेवणें हें दुसरें. दुसरें काम करणाऱ्या पेशींचीं लहान बेटें पॉल लांगरहान्स ह्यांनीं १८६९ सालींच सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून ठेविलीं होतीं. तेव्हां ते एकवीस वर्षांचे विद्यार्थी होते, आणि त्या बेटांचा उपयोग काय हें त्यांस ठाऊक नव्हतें.

मूत्र म्हणजे काय

आपल्या दोन मूत्रपिंडांत प्रत्येकीं सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरांत त्यांतून सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो, परंतु लघवी होते ती अवघी दीड लिटरच्या आसपास. बाकीचें पाणी व त्याबरोबर शरीरास हवे असलेले पदार्थ मूत्रपिंड परत रक्तांत घेतें. ग्लुकोज हा असाच हवासा पदार्थ. निरोगी माणसाच्या मूत्रांत तो साध्या परीक्षेस सांपडत नाहीं. पण परत घेण्याच्या शक्तीस मर्यादा आहे. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्यें ग्लुकोज सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेलें कीं तें लघवींत सांडूं लागतें. सांडतांना तें आपल्याबरोबर पाणी ओढून नेतें, म्हणून लघवी वारंवार होते व तहान भागत नाहीं.

मूत्राची ही साक्ष आपल्या पूर्वजांसहि माहीत होती. चरक व सुश्रुत ह्यांच्या संहितांत मधुमेहाचें वर्णन आहे, आणि मूत्रास मुंग्या लागणें हें प्रमेहाचें चिन्ह म्हणून सांगितलें आहे. १७७६ सालीं इंग्लंडांतील मॅथ्यू डॉब्सन ह्यांनीं रोग्याचें मूत्र आटवून खालीं उरलेला पदार्थ साखरच आहे असें दाखविलें.

परीक्षेच्या रीति

प्रथम डोळ्यांनीं पाहावें. निरोगी लघवी फिकट पिवळी व स्वच्छ असते. पाणी कमी प्यालें तर ती गडद होते; तांबडी किंवा काळसर झाली तर रक्ताचा, आणि हळदीसारखी गर्द पिवळी झाली तर काविळीचा संशय घ्यावा. मात्र बीट खाल्ल्यानें व कांहीं औषधांनींहि रंग बदलतो हें विसरूं नये. लिटमस कागदानें आम्लता कळते; ताजी लघवी बहुधा किंचित् आम्ल असते. ती उघडी राहिली म्हणजे जंतूंचें युरिएज नांवाचें विकर तिच्यांतील युरियापासून अमोनिया बनवितें, आणि तोच मुताऱ्यांतील उग्र वास. हेंच युरिएज जेम्स समनर ह्यांनीं १९२६ सालीं अबईच्या जातीच्या बियांतून स्फटिकरूपांत वेगळें केलें व विकर हें प्रथिन असतें असें दाखवून दिलें.

साखरेच्या परीक्षेसाठीं तें निळें द्रावण लागतें. अमेरिकन रसायनज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट ह्यांच्या नांवानें तें ओळखलें जातें. त्यांत मोरचूद, सोडियम कार्बोनेट व सोडियम सायट्रेट असतें. पांच मिलिलिटर द्रावणांत मूत्राचे आठ थेंब टाकून नळी उकळत्या पाण्यांत पांच मिनिटें ठेवावी. साखर असल्यास ती मोरचुदांतील तांब्याचें तांबड्या ऑक्साइडांत रूपांतर करते. रंग निळाच राहिला तर साखर नाहीं. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर सुमारें एक टक्का, आणि विटेसारखा तांबडा झाला तर दोन टक्के किंवा अधिक. लाळेच्या प्रयोगांतील पहिल्या नळींत हेंच द्रावण घालून तापविलें तर तेथेंहि तांबडा गाळ बसतो, कारण माल्टोजहि तांब्यावर तीच क्रिया करते.

प्रथिनाची, म्हणजे आल्ब्युमिनची परीक्षा त्याहून सोपी आहे. नळी तीन चतुर्थांश भरून फक्त वरचा भाग तापवावा. वर गढूळपणा आला तर सौम्य असेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकावे. गढूळपणा नाहींसा झाला तर ते फॉस्फेटचे क्षार होते. तसाच राहिला तर आल्ब्युमिन आहे. अंड्याचा पांढरा बलक शिजतांना घट्ट होतो त्यांतलाच हा प्रकार. लघवींतून प्रथिन जाऊं लागणें म्हणजे मूत्रपिंडाची गाळणी बिघडल्याचा इशारा असूं शकतो. विद्यार्थ्यांनीं हे दोन्ही प्रयोग खऱ्या मूत्राऐवजीं ग्लुकोजच्या पाण्यावर व पाण्यांत कालविलेल्या अंड्याच्या बलकावर, आणि शिक्षक जवळ असतांनाच करावे. तापविलेल्या नळीचें तोंड कोणाच्याहि चेहऱ्याकडे धरूं नये.

टोराँटो येथील शोध

मिन्कोव्हस्कींच्या प्रयोगानंतर स्वादुपिंडांतील तें दुसरें द्रव्य काढण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले, परंतु यश आलें नाहीं. कॅनडांतील फ्रेडरिक बँटिंग ह्या तरुण डॉक्टरच्या मनांत १९२० सालीं असें आलें कीं, ग्रंथि वाटतांना तिचींच पाचक विकरें त्या द्रव्याचा नाश करीत असावीं. हा तर्क पुढें सर्वस्वीं बरोबर ठरला नाहीं, पण त्यानें काम सुरू झालें. टोराँटो विश्वविद्यालयांत प्राध्यापक मॅक्लिऑड ह्यांच्या प्रयोगशाळेंत, चार्ल्स बेस्ट ह्या विद्यार्थ्याच्या साह्यानें त्यांनीं १९२१ सालीं अर्क तयार केला, व जेम्स कॉलिप ह्यांनीं तो शुद्ध केला. बेटांवरून त्यास इन्सुलिन नांव पडलें.

लिओनार्ड टॉम्सन हा चौदा वर्षांचा मुलगा, म्हणजे तुमच्याच वयाचा, मधुमेहानें अस्थिपंजर होऊन टोराँटोच्या रुग्णालयांत पडला होता. त्या काळीं अशा मुलांस उपासमारीच्या आहारानें कांहीं दिवस जगविण्यापलीकडे उपाय नव्हता. ११ जानेवारी १९२२ रोजीं दिलेल्या पहिल्या टोंचणीचा फारसा उपयोग झाला नाहीं. २३ जानेवारीपासून शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हां त्याच्या लघवींतील साखर जवळजवळ नाहींशी झाली. तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षें जगला. १९२३ चें नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड ह्यांस मिळालें. बँटिंग ह्यांनीं आपल्या रकमेंत बेस्ट ह्यांस व मॅक्लिऑड ह्यांनीं कॉलिप ह्यांस वांटेकरी केलें.

पालक पुष्कळदां विचारतात कीं, मुलास रोज टोंचण्याऐवजीं हें औषध पोटांतून कां देत नाहींत? त्याचें उत्तर वरील पाठांतच आहे. इन्सुलिन हें प्रथिन आहे. गिळलें तर पेप्सिन व ट्रिप्सिन त्यास डाळीच्या घासाप्रमाणें तोडून टाकतील. म्हणूनच ज्याच्या शरीरांत इन्सुलिन तयार होत नाहीं त्यास तें टोंचूनच किंवा पंपाच्या साह्यानें कातडीखालीं द्यावें लागतें. आणि कोणाच्या काढ्यावर किंवा चूर्णावर विसंबून तें बंद करणें म्हणजे मुलाच्या जिवाशीं खेळणें होय.

आजची मूत्रपरीक्षा

आज दवाखान्यांत बेनेडिक्टच्या द्रावणाची जागा बहुतेक रंगीत पट्टीनें घेतली आहे. तिच्यावरील साखरेच्या चौकोनांत ग्लुकोज ऑक्सिडेज नांवाचें विकरच बसविलेलें असतें. विकर एकाच कुलपाची किल्ली असल्यामुळें ही पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. बेनेडिक्टचें द्रावण मात्र दुधांतील साखर व क जीवनसत्त्व ह्यांनींहि फसतें. दुसरीहि एक गंमत पाहा. स्वादुपिंडास तीव्र सूज आली म्हणजे त्याचें अमायलेज आंतड्याऐवजीं रक्तांत झिरपतें आणि लघवींतहि वाढलेलें आढळतें. जें विकर भाकरी पचवितें तेंच मूत्रांत सांपडून रोगाची बातमी देतें!

परंतु ह्या साक्षीची मर्यादाहि ओळखावी. रक्तांतील साखर बरीच वाढल्यावांचून ती लघवींत उतरत नाहीं. म्हणून लघवी निर्दोष दिसली तरी मधुमेह नाहींच असें ठरत नाहीं. उलट कांहीं निरोगी माणसांच्या व गर्भवतींच्या लघवींतहि साखर दिसते, आणि तापांत किंवा फार श्रमानंतर थोडें आल्ब्युमिन येतें. खरा निर्णय रक्ततपासणीनें व डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच व्हावयाचा.

शेवटीं पालकवर्गास एक विनंति. मधुमेह हा म्हाताऱ्यांचा किंवा श्रीमंतांचा रोग, ही समजूत चुकीची आहे. तो लहान मुलांसहि होतो व कांहीं आठवड्यांतच उग्र रूप धरतो. मूल एकाएकीं वारंवार पाणी मागूं लागलें, घडीघडी लघवीस जाऊं लागलें, पूर्वी कोरडें अंथरूण आतां ओलें होऊं लागलें, भरपूर खाऊनहि वाळत चाललें, किंवा मोरीजवळ मुंग्यांची रांग दिसूं लागली, तर मुलास रागें न भरतां त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. उलट्या, जोराचा श्वास व गुंगी हीं चिन्हें दिसलीं तर एक तासहि दवडूं नये; त्या वेळीं शरीर साखर वापरतां न आल्यामुळें चरबी जाळीत असतें आणि तिच्यापासून झालेल्या आम्लांनीं रक्त बिघडत असतें. मिन्कोव्हस्कींनीं कुत्र्याच्या वारंवार होणाऱ्या लघवीकडे दुर्लक्ष केलें नाहीं, म्हणून एवढा मोठा शोध लागला. आपल्या मुलाच्या बाबतींत तेवढी दक्षता बाळगणें प्रत्येक मातापित्यास शक्य आहे; आणि विद्यार्थिमित्रहो, घरांत लहान भावंड असेल तर हीं लक्षणें आईवडिलांच्या कानांवर घालणें हें तुमचेंहि काम आहे.